पेढे निकालाआधी

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन घरी नांदतो. माणसाच्या अंगचं कसब, त्याचा स्वभाव, त्याची माया, हे त्याचे गुण. आणि उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात लाल शाईने गोल करून लिहिलेला आकडा, तेही त्याचे गुणच. ‘निकाल लागणे’ या शब्दांचंही तसंच आहे. दहावीचा निकाल लागतो आणि एखाद्या गोष्टीचा पार निकाल लागतो, म्हणजे ती संपते. भाषेने हे मुद्दाम केलेलं नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कानावर हे शब्द वर्षानुवर्षं पडत राहिले की दोन अर्थांमधली भिंत झिजते. गुण कमी पडले म्हणजे माझ्यातच गुण कमी, असं त्याला वाटू लागतं. ही भिंत पुन्हा कशी बांधायची, त्याविषयी हा लेख आहे. मी वयाने तरुण आहे आणि ख्रिस्ती आहे, त्यामुळे भिंतीचे दगड मी माझ्या परंपरेच्या खाणीतून आणणार, हे आधीच सांगून टाकतो. वाचकाने ख्रिस्ती व्हावं अशी माझी अट नाही. युक्तिवाद पटतो का, एवढंच पाहावं.

आधी थोडं गणित. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. शेवटी शिफारस झाली १,०१६ उमेदवारांची. वैद्यकीय प्रवेशाच्या २०२४ च्या ‘नीट’ला तेवीस लाखांहून अधिक मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. आता विद्यार्थ्यांना दिला जाणारा नेहमीचा धीर या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. ‘प्रयत्न सोडू नकोस, यश तुझंच आहे.’ हे वाक्य एका मुलाला सांगितलं तर खरं ठरू शकतं. तेच तेवीस लाखांना सांगितलं तर त्यातल्या बावीस लाखांच्या बाबतीत ते खोटं ठरणार, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. सगळे दुप्पट अभ्यास करू लागले तर ‘कटऑफ’ वर सरकेल, जागा वाढणार नाहीत. लातूर पॅटर्न असो, कोटा असो, पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका असोत, तिथली मेहनत खरीच आहे. पण ती मेहनत करणाऱ्या बहुसंख्यांच्या वाट्याला हवी ती जागा येणार नाही, हेही तितकंच खरं. म्हणून यशाच्या आश्वासनावर उभा असलेला धीर मुळातच बहुसंख्यांसाठी नसतो. मला शोध आहे तो नापास झालेल्यालाही लागू पडेल अशा धीराचा.

या शोधाला घाई का आहे, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातून दिसतं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. राज्यवार यादीत सर्वांत वर महाराष्ट्र आहे, १,७६४. परीक्षेतलं अपयश हे कारण ज्यांच्यापुढे नोंदवलं गेलं, अशा आत्महत्या २,२४८. १३,०४४ आणि २,२४८ या दोन आकड्यांतलं अंतर नीट पाहायला हवं. विद्यार्थ्याच्या प्रत्येक आत्महत्येमागे परीक्षाच असते असं नाही. घर, पैसा, प्रेम, आजार, छळ, अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि पोलिसांच्या रकान्यात त्यातली एकच मावते. तरीही एका परीक्षेच्या आकड्यावरून जगण्यालायक असणं-नसणं ठरतं, असं वाटणारी मुलं आपल्या समाजात हजारोंनी आहेत, एवढं त्यातून नक्की कळतं. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं, गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शब्द काढण्याचे प्रयत्नही झाले. चांगलंच झालं. पण मंडळाने बंद केलेली यादी क्लासवाल्यांनी चौकातल्या फ्लेक्सवर फोटोसकट पुन्हा लावली. म्हणजे दुखणं यादीत नव्हतंच.

दुखणं क्रमात आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे आधी निकाल आणि मग शाबासकी. हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की त्याला दुसरा पर्याय असू शकतो हेच सुचत नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, हा क्रम उलटा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू यार्देन नदीवर योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतो. पाण्यातून वर येताना आकाशवाणी होते, आणि तिचा आशय असा की तू माझा लाडका मुलगा आहेस, तुझ्यावर मी संतुष्ट आहे. शब्बाथशाळेत वाढलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग पाठ असतो, म्हणूनच बहुधा त्यातली गंमत सुटते. त्या क्षणापर्यंत येशूने काय केलं होतं? मार्कच्या पुस्तकापुरतं पाहिलं तर काहीही नाही. एकही रोगी बरा केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही, शिष्य जमवलेले नाहीत. नासरेथ नावाच्या आडगावातला एक सुतार, एवढीच ओळख. बापाची शाबासकी पेपर लिहून व्हायच्या आधी येते. अरण्यातली परीक्षा, बरं करणं, शिकवणं, छळ, क्रूस हे सगळं त्यानंतर. पुढचं काम शाबासकी मिळवण्यासाठी नव्हतं, मिळालेल्या शाबासकीच्या बळावर होतं. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘कृपा’ नावाचा जो भारदस्त शब्द आहे, त्याचा विद्यार्थ्याच्या कामाचा अर्थ माझ्या मते एवढाच.

हा क्रम परीक्षेच्या जगात कसा उतरतो, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, दिसतं. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांकडे आपली ठेव सोपवतो. एकाकडे पाच तालंत, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे एक. तालंत हे वजन होतं, आणि तेवढ्या चांदीची किंमत एका मजुराच्या सुमारे वीस वर्षांच्या कमाईइतकी धरतात. म्हणजे एक तालंतवाला काही कंगाल नव्हता. (इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द याच दाखल्यातून आला. आपण ज्या ‘टॅलेंट सर्च’ परीक्षांना पोरांना बसवतो त्यांच्या नावाचं मूळ इथे आहे, हे आयोजकांना सांगितलं तर दचकतील.) पहिल्याने पाचाचे दहा केले, दुसऱ्याने दोनाचे चार. धनी परत आल्यावर दोघांना काय म्हणतो, ते ओळीला ओळ लावून वाचण्यासारखं आहे. एका शब्दाचाही फरक नाही. दहा आणणाऱ्याला जितकी शाबासकी, तितकीच चार आणणाऱ्याला. आपल्याकडे चार आणणाऱ्याला विचारलं असतं, ‘शेजारच्याचे दहा झाले, तुला काय धाड भरली होती?’ धन्याने तुलना केलीच नाही, कारण कुणाकडे किती सोपवलं हे त्याला माहीत होतं. चौथीपासून इंग्रजी माध्यमात, घरात स्वतंत्र खोली आणि दोन क्लास असलेल्या मुलाचे पंच्याण्णव टक्के, आणि सकाळी दुधाची लाइन टाकून रात्रशाळेत जाणाऱ्याचे साठ, यांची बेरीज-वजाबाकी गुणपत्रिकेला करता येत नाही. तिचा तो दोषही नाही, ते तिचं कामच नाही. माणसाने मात्र करायला हवी.

इथे एक जागरूक वाचक मला अडवेल. तिसऱ्या चाकराचं काय? त्याने आपला तालंत जमिनीत पुरून ठेवला आणि त्याला कडक शिक्षा झाली, हे सोयीने का गाळता? गाळत नाही, उलट माझ्या युक्तिवादाचा कणा तोच आहे. त्याला शिक्षा कमी नफ्याबद्दल झाली नाही. सावकाराकडे ठेवून नुसतं व्याज आणलं असतं तरी चाललं असतं, असं धनी स्वतः म्हणतो. म्हणजे काठावर पास होणंसुद्धा मान्य होतं. मग त्याने पैसे पुरले का? तो स्वतःच कारण देतो. तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. आळशी म्हणून ओळखला गेलेला हा माणूस मुळात घाबरलेला होता. गणिताचं पुस्तक उघडायचं टाळणारी, फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत न भरणारी, तासन् तास मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी किती मुलं आळशी असतात आणि किती भ्यालेली, याचा विचार आपण करत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण औषध वेगळं आहे. आळशाला हलवावं लागतं. घाबरलेल्याला हलवलं तर तो खड्डा आणखी खोल खणतो.

ही केवळ धर्मग्रंथातली अटकळ नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत चांगली केलीस. पुढे अवघड कोड्यांवर सगळ्यांचीच गाडी अडली. त्यानंतर ‘हुशार’ म्हणवून घेतलेल्यांची कामगिरी घसरली. नवीन कोडी निवडताना त्यांचा ओढा आपली हुशारी शाबूत राहील अशा सोप्या कोड्यांकडे होता. आणि आपले गुण दुसऱ्या मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा त्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून अधिकांनी ते वाढवून सांगितले. खोटं बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं. फक्त त्यांच्या गुणांना त्यांचं मोल चिकटवलं गेलं होतं. ड्वेक यांच्या विचारांवर आधारलेले शालेय कार्यक्रम पुढे मोठ्या प्रमाणावर तपासले गेले तेव्हा त्यांचा परिणाम सुरुवातीला वाटला त्यापेक्षा बराच लहान निघाला, हे खरं आहे. नुसत्या घोषवाक्यांनी मुलं बदलत नाहीत, हा त्याचा धडा. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मिशिगन विद्यापीठात जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतःविषयीचा आदर, उत्तरं येत गेली तसा कसा वरखाली होतो, हे त्यांनी नोंदवलं. आपली किंमत अभ्यासावर अवलंबून आहे असं मानणारे नकार आल्यावर इतरांपेक्षा खोल कोसळले. होकार आल्यावर ते जास्त उंच गेले, पण ती उंची टिकाऊ नव्हती.

तरीही पहिला मोठा आक्षेप उरतोच. आधीच पेढे दिले तर पोरगं अभ्यास कशाला करेल? हा आक्षेप जुना आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलाने तो स्वतःच मांडून खोडला आहे, म्हणजे पहिल्या शतकातल्या लोकांनीही त्याला हेच विचारलं असणार. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये त्याला वेगळीच धार दिली. त्यांचं म्हणणं असं की, आपण देवाने निवडलेल्यांपैकी आहोत की नाही ही काळजी कॅल्विनपंथी माणसाला आतून पोखरत होती, आणि निवडीची खूण म्हणून तो धंद्यात अहोरात्र राबत राहिला. म्हणजे कष्टाळूपणा काळजीतून आला, निश्चिंतीतून नाही. वेबर यांचा इतिहास कितपत बरोबर, यावर अभ्यासक आजही भांडतात. मी तो क्षणभर मान्य करतो. काळजी माणसाला राबवते यात शंका नाही. पण त्या राबण्याची जात कोणती, हे विचारायला हवं. काळजीने राबणारा नफा मोजत राहतो. त्याला थांबता येत नाही, चुकता येत नाही, आणि नवं काही करून पाहता येत नाही. शिकणं म्हणजे तर चुकणंच. चूक म्हणजे आपली किंमत घसरणं असं ज्याला वाटतं, तो वर्गात हात वर करणार नाही, शंका विचारणार नाही, अपेक्षित प्रश्नसंचापलीकडे एक पान वाचणार नाही. गुण मिळवणारा यंत्रमाग काळजीतून तयार होईलही, विद्यार्थी तयार होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, आणि तो माझ्याच समाजातून येतो. महाराष्ट्रातले बरेच ख्रिस्ती, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालना या भागातले, एकेकाळी अस्पृश्य ठरवलेल्या जातींतून आले. त्यांना मिशनच्या शाळांनी पाटी-पेन्सिल दिली. मिस सिंथिया फरार यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेचा जोतीराव फुल्यांवर ठसा उमटला होता आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, इतका त्या शाळांचा पल्ला होता. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. ‘तुमची किंमत गुणांवर नाही’ हे अशा घरातल्या मुलीला सांगणं म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे, असं कुणी म्हणालं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. तिच्यासाठी गुण ही चैन नाही. ती शिडी आहे, आणि बहुतेकदा एकुलती एक. फक्त एवढंच म्हणेन की शिडीला शिडी म्हणावं, तराजू म्हणू नये. शिडीवरून पाय घसरला तर माणूस पडतो, दुखतं, पुन्हा चढावं लागतं किंवा दुसरी शिडी शोधावी लागते. तराजूत कमी भरला तर माणूसच हलका ठरतो. आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांना जन्माच्या तराजूत हलकं ठरवलं गेलं, त्यांनी तो मोडून त्या जागी गुणपत्रिकेचा तराजू टांगावा, यात काही मुक्ती मला दिसत नाही. मनापासून अभ्यास कर, शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म वेळेत भर, हक्काचं सोडू नकोस, आणि हे करताना आपण मुळातच पुरेसे आहोत हे विसरू नकोस. या दोन गोष्टी एकाच दमात सांगता येतात.

अशा लेखांत या टप्प्यावर नापास होऊन मोठे झालेल्यांची यादी येते. मी ती देणार नाही, कारण ती त्याच जुन्या क्रमाची मागच्या दाराने भरती करते. आज नापास झालास तरी हरकत नाही, उद्या मोठा होशील. आणि उद्याही नाही झाला तर? पंडिता रमाबाईंची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. संस्कृतच्या पांडित्याने कोलकात्याच्या विद्वानांना थक्क करणारी ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं. त्याच वर्षी तिने वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि नंतर केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, हे सर्वांना माहीत आहे. मला त्यापेक्षा कमी माहीत असलेलं तिचं शेवटचं काम दाखवायचं आहे. आयुष्याची शेवटची अनेक वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. शिकल्यासवरल्या लोकांची भाषा बाजूला ठेवून केडगावच्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. आश्रमातल्या मुली-बायकांनीच छापखाना चालवला. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. आणि निकाल? मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी मुख्यत्वे वाचलं जातं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. रमाबाईंचं भाषांतर अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय होऊन राहिलं. खपाच्या आणि वापराच्या तराजूत घातलं तर ही एवढी वर्षं ‘काठावर पास’ ठरतील. तरी ते काम वाया गेलं असं म्हणण्याची माझी छाती नाही. ते करताना रमाबाई कुणाच्या शाबासकीची वाट पाहत नव्हत्या.

मंडळीत ज्याला ‘पाचारण’ म्हणतात ते हेच. शब्द जुनाट वाटतो, पण ‘करिअर’ या शब्दात नसलेली एक गोष्ट त्यात आहे. पाचारण म्हणजे कुणीतरी हाक मारणं. करिअर आपण निवडतो, हाक ऐकावी लागते, आणि ती गुणांच्या क्रमाने येत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना ती लेखनाची आली. पती नारायण वामन टिळक अर्धवट ठेवून गेलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी साठाहून अधिक अध्याय लिहून पुढे नेलं आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ छापून येऊ लागली. विद्यार्थ्यांना माझं साधं सांगणं असं की, ‘सगळ्यात जास्त गुण लागणारी शाखा कोणती?’ या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारून बघा. आसपास कशाची कमतरता मला सतत खटकते? एकाला गावातली आटलेली विहीर खटकते, दुसरीला आजीला औषधाची चिठ्ठी वाचता न येणं खटकतं. ते खटकणं हीच बऱ्याचदा हाक असते. परिचारिका, फिटर, कृषी पदविकाधारक, प्राथमिक शिक्षिका या वाटांवर पंच्याण्णव टक्के लागत नाहीत, म्हणून त्या हलक्या ठरत नाहीत.

आता स्वतःच्या घराकडे बोट. आमच्या मंडळ्यांत दहावी-बारावीच्या आधी मुलांसाठी खास प्रार्थना होतात, पाळक डोक्यावर हात ठेवतात. मुलाला त्या स्पर्शाने बळ मिळतं, याबद्दल तक्रार नाही. तक्रार निकालानंतरच्या रविवारची आहे. तेव्हा ‘साक्ष’ द्यायला उभं राहतं ते ब्याण्णव टक्केवालं. प्रभूने मला यश दिलं, असं ते म्हणतं आणि मंडळी टाळ्या वाजवते. मागच्या बाकावर दोन विषय राहिलेला मुलगा बसलेला असतो. त्याच्यासाठीही तीच प्रार्थना झाली होती. मग प्रभूने त्याला काय दिलं? या प्रश्नाला उत्तर न देता साक्षी घेत राहणं म्हणजे क्लासचा फ्लेक्स वेदीवर टांगणं आहे. त्याहून वाईट म्हणजे, खचलेल्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं ऐकवणं. बायबलात खचलेल्या माणसाशी देव कसा वागतो, ते राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवतो. एलीया खातो, झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. बोलणं नंतर होतं, आणि मग देव त्याला एक सोबती देतो, अलीशा. झोप, जेवण, सोबत, आणि उपदेश अगदी शेवटी. आजच्या मुलाच्या बाबतीत त्यात समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची भर घालावी. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही बोलते. तिथे फोन करणं हा विश्वासाचा अभाव मानायचा, तर एलीयाची भाकरही नाकारावी लागेल.

झोपेवरून सुटीकडे येतो. आठवड्यातला एक दिवस अभ्यास पूर्ण बंद ठेवा, हा माझा सर्वांत कमी लोकप्रिय सल्ला. शब्बाथाच्या आज्ञेमागे अनुवादाच्या पुस्तकात जे कारण दिलंय ते विलक्षण आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होतात, याची आठवण ठेवा. गुलामाला सुटी नसते. सुटी घेता येणं ही स्वतंत्र माणसाची खूण आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही खूण नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मिळाली. १० जून १८९० ला रविवारची सुटी जाहीर झाली, तोवर सात वर्षं झगडावं लागलं होतं. त्या कामगारांची पतवंडं आज अभ्यासिकेत रविवारीही चौदा तास बसतात आणि त्याला जिद्द म्हणतात. बाकीचे सहाच्या ऐवजी सात दिवस अभ्यास करतात, मी मागे पडेन, ही भीती मला समजते. पण ज्याला एक दिवसही पुस्तक मिटता येत नाही, त्याची किंमत पुस्तकाने ठरवून टाकली आहे. रविवारी क्रिकेट खेळा, चर्चला किंवा देवळात जा, आईला भाजी निवडू लागा.

राहिला प्रश्न आईवडिलांचा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळ्यांना धाकटा मुलगा आठवतो, पैसे उडवून परत आलेला. मला विद्यार्थ्यांच्या संदर्भात थोरला महत्त्वाचा वाटतो. तो घरातला ‘टॉपर’ आहे. कधी आज्ञा मोडली नाही, शेतात राबला. आणि मेजवानीच्या रात्री तो अंगणात फुरंगटून उभा आहे, कारण इतकी वर्षं राबून आपल्याला एक करडूसुद्धा मिळालं नाही, असा त्याचा हिशेब आहे. बाप बाहेर येऊन सांगतो की अरे, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. ते आधीपासून त्याचं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण निकालानंतर. अठ्ठ्याण्णव टक्के मिळवूनही ‘दोन कुठे गेले?’ याने ज्याचं पोट ढवळतं, तो याच अंगणात उभा असतो.

म्हणून आईबापांना एक सुचवणं. मंडळाचा निकाल दुपारी एकला लागतो. पेढे सकाळी दहाला आणा. मुलाच्या हातावर ठेवा, स्वतः एक खा, शेजारी द्या. शेजारच्या काकू दारातच विचारतील, ‘लागला का गं निकाल? किती पडले?’ त्यांना सांगा, अजून लागायचाय, एक वाजता लागेल. त्या गोंधळतील. मग पेढे कशाचे, म्हणतील. पोरगं घरात आहे, त्याचे.